किरकोळ

मेलेल्या जनावरांचा फोन माझ्या टेबलावर असतो.
काळा, वायर पिळवटलेली.
साडेसातला पहिली घंटा:
शेळगीत डुक्कर.
दमाणी नगरात पुलाखाली कुत्रं, दोन दिवसांचं.
विडी घरकुलात गाय; कुणाची, ते कुणीच सांगत नाही.
मी लिहून घेते. प्रकार, ठिकाण, वेळ,
गाडी पोहोचल्याची वेळ, सायबण्णाची सही.

रजिस्टरात शेवटचा रकाना आहे, किरकोळ.
अकरा वर्षं कोरा.
चिचुंद्रीसाठी गाडी निघत नाही,
होल्यासाठी नाही, सरड्यासाठी नाही,
तारेला चिकटून वाळलेल्या वटवाघळासाठी
डिझेल मंजूर नाही.
एवढ्या मोठ्या गावात रोज किती खारी मरत असतील,
आणि रस्त्यावर तर एखादीच दिसते.
हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

भादव्यातली रात्र. दोन पाऊस होऊन गेलेले.
सायबण्णा दारात, हातात बॅटरी:
‘मॅडम, या की वो जरा मागं. गंमत दावतो.’

शेडच्या मागे, रुईच्या झुडपाखाली
मेलेली चिचुंद्री हलत होती.
श्वासानं नव्हे,
खालून.

दोन किडे. काळे कुळकुळीत,
पाठीवर हळदीचं बोट ओढावं तसे आडवे पट्टे.
एक मातीत शिरायचा, दुसरा अंगाखाली.
मध्येच मुरूम लागला.
मग दोघं उताणे झाले, पाय वर,
आणि त्या पायांवर ते अख्खं धूड
वीतभर सरकलं, मऊ जागेकडे.
सायबण्णा उकिडवा बसून हसला:
‘ह्यांचा विंच चालतोय बघा.’
आमचा मेपासून बंद आहे,
त्याच्या कमरेला पट्टा आहे.

फुगलेली भाकरी बसावी तशी
चिचुंद्री हळूहळू खाली गेली.
आधी पोट. मग पाय.
ते लांब नाक बराच वेळ वर राहिलं,
काहीतरी हुंगायचं राहून गेल्यासारखं.
साडेबाराला तेही गेलं.

कॉलेजात प्राणी शिकवणाऱ्या हुंडेकरी सरांना मी फोन लावला.
म्हणाले, खाली नेऊन ते केस उतरवतात,
गोळा वळतात, लाळेनं माखतात, कुजू नये म्हणून.
त्याच्याभोवती पिल्लं.
आई तोंडातला घास पिल्लाच्या तोंडात देते.
आणि पुरेल असं दिसलं नाही
तर त्यातली काही ती स्वतःच खाते.
बाकीची धट्टीकट्टी निघतात.
मग जरा थांबून म्हणाले,
‘पण ही जात थंड मुलखातली. सोलापुरात नसते.’
बरं, म्हटलं.
सायबण्णाही नसतो.
हजेरीपटावर त्याचं नाव नाही, तो कंत्राटी आहे.

ते घास भरवायचं मी त्याला सांगितलं.
पुढचंही सांगितलं, सांगायला नको होतं.
तो तंबाखू मळत राहिला.
या गाडीवर त्यानं तीन पोरं शिकवली, धाकटी नर्सिंगला आहे.
थोरल्याला नववीतून काढून लूमवर घातलं.
‘पुरत नव्हतं,’ एवढंच म्हणाला,
आणि हात धुवायला गेला.
तो हात फार वेळ धुतो. नेहमीच.

सकाळी रुईखाली जमीन सपाट.
चहाच्या बशीएवढी माती जरा भुसभुशीत, बस.
कोंबडीनंसुद्धा तिथं उकरलं नाही.
मी आत आले आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं:
चिचुंद्री, एक. ऑफिसच्या मागे.
पोहोचल्याची वेळ माहीत नाही.
काम पूर्ण, रात्री साडेबारा.
सहीची जागा सोडली.

मार्चमध्ये ऑडिटवाले आले.
चष्मा कपाळावर चढवून त्या ओळीवर बोट ठेवलं.
‘हे काय? डिझेल किती?’
शून्य, म्हटलं.
त्यांनी तांबड्या पेनानं बरोबरची खूण केली
आणि पान उलटलं.

फोन वाजत होता.
मजरेवाडी. कुत्रं.